अमावस्येचं खोड

बुधवारा मोहल्ल्यात पिठाच्या गिरणीसमोर रांगेत उभा होतो, तेव्हा मुलाचा, मिलिंदचा, फोन आला. "पप्पा, घरी या. आत्याआजी गेल्या." माणूस गेल्याचं कळलं की डोळ्यांत पाणी यावं. मला मात्र पहिलं आठवलं ते माझं सकाळचं खोटं. कमलआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, नव्वदी ओलांडलेली. समोरच्या खोलीत खाटेवर पडल्या पडल्या तिने विचारलं होतं, "अरुण, खोड लावून बघितलं का रे?" आणि मी चपला शोधता शोधता म्हणालो होतो, "हो गं, बघितलं. सगळं ठीक आहे." बघितलं नव्हतं. तिने डोळे मिटले आणि मी दळणाचा डबा उचलून निघालो.

हे खोडाचं प्रकरण नुसतं सांगितलं तर लोक वेड्यात काढतील, म्हणून पहिल्यापासून सांगतो. राज्यं नव्याने आखली आणि आमचं बुऱ्हाणपूर नागपूरकडून काढून भोपाळला जोडलं, त्या वर्षांतली गोष्ट. मी नऊ वर्षांचा असेन. दादा, म्हणजे माझे वडील, केळीचा व्यापार करायचे. बहादरपूरच्या बागांमध्ये फिरायला त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि सिंधीपुऱ्यातल्या घराला लागून गॅरेज बांधून त्याला लोखंडी शटर बसवलं. गल्लीतलं पहिलं शटर! ते खडखडत वर गेलं की आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो आणि दादा मिशीवरून हात फिरवायचे. आत्या तेव्हा मराठी शाळेत नवी मास्तरीण होती. तिला ते शटर पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. "दादा, एवढं वजन डोक्यावर टांगून ठेवलंस, घरात लहान पोरं आहेत," ती म्हणायची. दादा हसायचे.

त्या दसऱ्याला जीप धुतली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. शटरचीही पूजा झाली. शटर फार कुरकुरत होतं, आणि आई सहज बोलून गेली, "लोखंडाला पण तेल लागतं बाबा." झालं! देवघरातली तिळाच्या तेलाची अख्खी वाटी उचलून मी शटरच्या दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये ओतली. कुणाला सांगितलं नाही. शटर लोण्यासारखं सरकायला लागलं आणि मी मनातल्या मनात इंजिनियर झालो. पण आमचं बुऱ्हाणपूर मागांचं गाव. भिंतीपलीकडे दिवसभर माग चालायचे आणि हवेत सुताचे बारीक तंतू उडत असायचे, अंगणातल्या दोरीवरच्या कपड्यांवर, भांड्यांवर, जिकडेतिकडे. ते त्या तेलात बसत गेले. दिवाळी उलटेपर्यंत खाचेत काळा चिकट बोळा तयार झाला होता.

एका सकाळी जीप बाहेर काढून दादा शटर खाली ओढत होते, ते अर्ध्यावर अडलं. दादांना निघायची घाई. "ये क्या नाटक है," म्हणत ते दोन्ही हातांनी त्याला लोंबकळले. माझी धाकटी बहीण नली तीन वर्षांची होती. तिचा रबरी चेंडू आत गेला म्हणून ती रांगत खाली शिरली, आणि त्याच क्षणी बोळा सुटला. मी चार पावलांवर होतो. मला हलता आलं नाही... आत्या कुठून आली ते आजही सांगता येत नाही. तिने नलीला ढकललं, नली बाहेर पडली आणि आत्याचा उजवा हात खाली राहिला.

दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं, खडू धरायची. दवाखान्यातून आल्यावर तिने काय करावं? डाव्या हातात चाकू घेऊन ती खाच खरवडत बसली. बोळा निघाला. तिने तो हुंगला. तिळाचं तेल लपत नाही. मग माझ्याकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं, आणि तो कागदात गुंडाळून चुलीत टाकला. दादांना म्हणाली, "गंज होता." मला एवढंच म्हणाली, "अरुण, तेल देवापुढे घालावं." माझं नाव तिने सबंध आयुष्यात कुणापुढे काढलं नाही. मला तिने मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

तेव्हा शाळेतही सगळं हललेलं होतं. मराठी वर्ग राहतात की जातात, मास्तरांना हिंदीत शिकवावं लागणार का, रोज नवी आवई. आत्या डाव्या हाताने पाटीवर गिरवायची, आधी मराठी, मग हिंदी, पहिलीतल्या पोरीसारखी जीभ बाहेर काढून. भोपाळहून तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "बहनजी, हाथ को क्या हुआ?" ती म्हणाली, "दरवाज़े में आया साहब. लिखना चालू है." त्या वाकड्या अक्षरावर तिने पुढं तीस-पस्तीस वर्षं शाळा काढली.

आणि त्याच वर्षी खोड सुरू झालं. बागेत केळीच्या बुडाशी कोवळी रोपं फुटतात, ती छाटून फेकून देतात. त्यातलं एक खोड आत्या मागवायची. दर अमावस्येला सकाळी, विसरू नये म्हणून अमावस्या, ते शटरखाली आडवं ठेवायची. पोरांना ओट्यावर बसवायची. शटर कमरेइतकं उचलून हात सोडायची. स्प्रिंग धड असली तर ते तिथंच थांबायचं; नसली तर खाली आपटायचं आणि खोडाचं काय होतं ते आम्ही सगळे बघायचो. मग मिस्त्री आल्याशिवाय शटरला हात लावायची कुणाची टाप नव्हती. गल्लीत बोलवा झाली की मास्तरीणबाई अमावस्येला शटरला बळी देतात. आत्या म्हणायची, "देते. खोडाचा देते, म्हणून दुसरा द्यावा लागत नाही." आम्ही हसायचो. खोड निवडायची तिची एक पद्धत होती. नलीला उभं करायची आणि खोड तिच्या पायाला लावून जाडी बघायची. नली मोठी झाली, मग माझा मिलिंद, मग मिलिंदची चिऊ. घरातलं जे सगळ्यात लहान, त्याच्या पायाएवढं खोड.

चार वर्षांपूर्वी मिलिंदने मोटरचं शटर बसवलं. बटण दाबलं की खाली येतं, आणि खाली काही आडवं आलं तर बाजूच्या काचेच्या डोळ्याला ते दिसतं आणि शटर थांबतं. आत्याने त्यालाही सोडलं नाही. खोड ठेव, बटण दाब, थांबतं का बघ. थांबायचं. "पाहिलंस ना आत्याआजी?" मिलिंद म्हणायचा. "या महिन्याचं पाहिलं," ती म्हणायची.

गेल्या दसऱ्याला ती खाटेला खिळलेली होती. पूजा मी केली. गाडीला कुंकू लावलं, शटरला लावलं, आणि डोळा दिसला म्हणून हौसेने त्यालाही तेलात कालवलेलं कुंकू लावलं. दुसऱ्या दिवसापासून शटर खाली येईना. मिलिंदने इलेक्ट्रिशियन बोलावला. पाच मिनिटांत काम करून तो हात झटकत म्हणाला, "अंकल, डायरेक्ट कर दिया. अब नहीं अटकेगा." मी त्याला चहा पाजला. आत्या भिंतीपलीकडून शटर ऐकायची. त्या संध्याकाळी म्हणाली, "आवाज बदललाय रे. आधी दबकत यायचं... आता बेधडक येतंय." मी म्हटलं, नवं काम केलंय, म्हणून. त्यानंतर ती रोज खोडाचं विचारायची आणि मी रोज हो म्हणायचो. म्हातारं माणूस, काय समजावायचं!

तिचा तेरावा झाला आणि चार दिवसांनी अमावस्या आली. समोरच्या खोलीतली खाट उभी करून ठेवली होती. सकाळी चिऊ माझा सदरा ओढत म्हणाली, "आजोबा, आत्याआजीचं खोड?" तिलाच आठवलं, मला नाही. चिऊला शटर खाली येताना पळत आत शिरायचा खेळ फार आवडतो. "रुकता है ना वो," असं म्हणते. बहादरपूरहून खोडं आणवली. त्यातलं एक निवडताना मी चिऊला उभं केलं आणि ते तिच्या पायाला लावून पाहिलं. हात आपोआप गेला. चिऊला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली.

तिला ओट्यावर बसवलं. खोड आडवं ठेवलं. बटण दाबलं.

शटर थांबलं नाही. खोडावर टेकलं, मोटर घुरघुरली, आणि ते तसंच खाली गेलं, जमिनीला लागेपर्यंत. खोडाचं पाणी उंबऱ्यावरून वाहत ओट्यापर्यंत आलं. मी शटर परत वर घेतलं. बाजूच्या काचेच्या डोळ्यावर माझ्या बोटाचं कुंकू तसंच होतं, वाळून काळं पडलेलं, आणि त्यावर सुताचे तंतू चिकटलेले. डोळा पुसायचा सोडून इलेक्ट्रिशियनने त्याची तारच काढून टाकली होती, तेच त्याचं 'डायरेक्ट'. साठ-पासष्ट वर्षांनी परत माझाच हात. या वेळी बोळा चुलीत टाकायला आत्या नव्हती, म्हणून मी मिलिंदला आणि सूनबाईला हाक मारली आणि दोन्ही दसऱ्यांचं सगळं सांगितलं.

चिऊ ओट्यावरून उतरली नव्हती. खोडाच्या दोन तुकड्यांकडे बघत तिने आपले पाय हळूच वर घेतले आणि फ्रॉकखाली झाकले.