साडूभाऊंनी पारखलेले चार प्लग

अर्जदार : मी स्वतः, वसमत येथे कचेरीसमोर बसून जनतेची गाऱ्हाणी शुद्ध भाषेत मांडणारा. गैरअर्जदार : माझे साडू, राहणार हट्टा. घटनेचा दिनांक : त्यांच्या एकुलत्या लेकीच्या लग्नाचा दिवस व त्याचा आदला दिवस. साक्षीदार : वारंगा फाट्याचा पार्टवाला आणि हट्ट्याचा मिस्त्री.

अर्ज करण्यास कारण की, वस्तू पारखून घेण्यात सदर साडूंची बरोबरी करणारा इसम या पृथ्वीतलावर जन्मलेला नाही. टरबूज घेताना ते अख्खा ढीग वाजवतात. खाट घेताना दुकानातच आडवे होतात. एकदा तर तिथेच घोरू लागले. त्यांची पांढरी मोटार म्हातारी झाली असून भरपूर खोकल्याशिवाय सुरू होत नसे. लेकीची पाठवणी मात्र याच मोटारीतून करण्याचा त्यांचा पण होता. मिस्त्रीने निदान केले, "चारी प्लग बदला."

झाले! फाट्यावरील दुकानात साडूंनी एकाच नंबरचे डझनभर प्लग मांडायला लावले. एकेकाची फट डोळ्याशी धरून न्याहाळली, हुंगलीसुद्धा. पार्टवाला वैतागला, "काका, सारे सारखेच हायत. प्लग घेऊन राहिले का जावई पाहून राहिले?"

"जावई सोपा असतो, बाबा. हे चौघं एका घरात नांदले पायजेत!" आणि माझ्याकडे वळून, "काहो अर्जनवीस, बराबर हाय का न्हाई?"

मी त्यांनी निवडलेले चार प्लग मुकाट पिशवीत भरले.

घरी लग्नाची हळद भिजलेलीच होती. शुभ म्हणून साडूंनी ती प्लगांना माखली, तीही ठिणगी पडते नेमकी त्याच टोकाला. ते बसवताच मोटार साफ मुकी झाली. मिस्त्रीने कपाळावर हात मारला, "मालक, नवरदेवाला हळद लावतेत, त्याच्या तोंडात न्हाई कोंबत!" त्याने चारी प्लग पुसून पुन्हा बसवले.

दुसऱ्या दिवशी पाठवणी. बापाने मागे राहायचे, ही रीत. चालवायला भाचा बसला. लेक गळ्यात पडून रडली, मोटारीत बसली. चावी फिरताच मोटार पहिल्या ठिणगीला सुरू झाली आणि वळणाआड दिसेनाशीही झाली. मिस्त्री खुशीत ओरडला, "पाहा मालक, खोकली का?"

साडू खिशातले जुने काळे प्लग चाचपत उभे होते. हळूच म्हणाले, "हेच राहू द्यायला पायजे होते, अर्जनवीस. लेकरू घडीभर थांबलं असतं."

तरी सदर बापाच्या पारखण्यात कसूर झाली किंवा कसे, याचा निवाडा मायबाप वाचकांनी करावा. आणि जे काही उत्तर असेल ते हट्टा मुक्कामी, शक्यतो लेकीच्याच हस्ते, लवकर पोहोचते करावे, ही नम्र विनंती.