कुंकू लागलेली डिस्क

आधी मशीनकडे बघायचं आणि मग गिऱ्हाइकावर ओरडायचं, ही सर्जेरावची पद्धत. कसबा बावड्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारच्या गल्लीतल्या माणसालाही तो 'पावणं' म्हणायचा आणि ठरलेलं वाक्य ऐकवायचा, "पावणं, मशीन खोटं बोलत न्हाय, माणूस बोलतंय. खरं सांगा, काय केलंसा?" मला हा माणूस कधीच आवडला नाही. आजही आवडत नाही.

माझा कॉम्प्युटर सुरूच होईना, म्हणून नाइलाजाने त्याच्याकडे नेला. विंडोज नव्याने टाकावी लागणार होती. "सी ड्राइव्हचं काय हवं ते करा, पण डीला हात लावू नका," असं मी दोनदा बजावलं. डीमध्ये माझ्या वडिलांचा आवाज होता. ते गुऱ्हाळावर गुळव्या होते. शेवटच्या आजारपणात मी त्यांना बोलतं केलं होतं. उकळत्या रसाची काहील चुलवणावरून नेमकी कधी उतरवायची, हे त्यांनी हसत, खोकत सांगितलं होतं. दुसरीकडे प्रत ठेवली नाही, हा माझा गाढवपणा.

"व्हय व्हय, कळतंय की," सर्जेराव म्हणाला.

त्याने विंडोजची डिस्क घातली, ती निम्म्यावर अडकली. फाइल वाचता येत नाही, असा संदेश. पुन्हा घातली, पुन्हा तिथंच. त्याने रॅम पुसली, केबल बदलली, माझ्या हार्डडिस्कचा उद्धार केला. डिस्कच खराब नसेल ना, असं मी विचारलं आणि तो भडकला.

"ही डिस्क अख्ख्या बावड्यात फिरलीया! मास्तर हाईसा, शाळंत शिकवा. मला शिकवू नगा."

दुकानातली माणसं हसली. मी रागाने बाहेर जाऊन उभा राहिलो. परत आलो तोवर त्याने सी आणि डी दोन्ही उडवून एकच करून टाकलं होतं.

तरीही डिस्क तिथंच अडकली. तेव्हा कुठे त्याने ती काढून उलटी केली. चकचकीत बाजूवर लाल बोट उमटलं होतं. खंडेनवमीला पक्कड-स्क्रूड्रायव्हरबरोबर या शहाण्याने डिस्कलाही कुंकू लावलं होतं, तेही नेमकं वाचायच्या बाजूला. शर्टाला पुसून त्याने ती आत सारली. सुरळीत चालली.

माझा तोल सुटला. तोही ओरडायला लागला, तेव्हा ग्राहक मंचात तक्रार करायची म्हणून मी फोनवर त्याचं बोलणं रेकॉर्ड केलं. तक्रार राहूनच गेली. दुसऱ्या एका माणसाने खटपट केली, पण फाइलींची नुसती नावं परत आली. आवाज आला नाही.

गेल्या महिन्यात सर्जेराव झटक्याने गेला. गल्लीतले सगळे भेटायला निघाले, म्हणून मीही गेलो.

"फोटो लई हाईत ओ," त्याची बायको म्हणाली. "आवाज मातुर कुणाकडंच न्हाय."

बरं झालं, असंच माझ्या मनात आलं. खिशातल्या फोनवर हात होता, पण तो बाहेर न काढताच मी उठलो. घरी येऊन ते रेकॉर्डिंग पुसायला बोटही नेलं. मग वाटलं, त्याने मला न विचारता पुसलं होतं, आता मीही तेच करतोय.

दुसऱ्या दिवशी जाऊन तिला ऐकवलं. सर्जेराव फोनमधून खेकसला, "वडील काय मशीनमधी ऱ्हात्यात व्हय, पावणं?"

तिने पदर तोंडाला लावला. "हेच की ओ. घरात बी असंच बोलायचे. परत लावा."

मी परत लावलं. माझा राग गेला नव्हता. तरी तिच्या फोनवर ते पाठवून उठताना सांगितलं, "वहिनी, हे दोन ठिकाणी ठेवा."