लाडवाने गोळीला हरवलं नव्हतं

संघमित्राबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. परवा भाजीच्या गाडीवर एक बाई म्हणाली, "ती ना, जिचा अभ्यास खोटा निघाला ती?" मी हातातली भेंडी तिथेच ठेवली. म्हटलं, "खोटा निघाला नाही हो. चुकलंय म्हणून तिने स्वतः जाऊन सांगितलं. फरक कळतो का?" ती बाई बघत राहिली, भाजीवाला पण बघत राहिला. राहू देत. त्या पोरीचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी चार माणसांत बोलणारच.

मी सुगंधा परब. लग्न होऊन विक्रोळीच्या या चाळीत आले त्याला जमाना झाला. आम्ही मालवणकडचे, सासरे गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर नवरा इथल्या कारखान्यात लागला. संघमित्रा समोरच्या चाळीतली. तिचे आईवडील बुलढाण्याकडून आलेले. वडील वायरमन, आई सुंदराबाई घरातच पाळणाघर चालवायची. माझी श्रुतिका त्याच पाळणाघरात वाढली, त्यामुळे संघमित्रा तिची ताई आणि मी संघमित्राची काकू.

लहानपणी पोरगी भयंकर किरकिरी होती हां, खोटं कशाला बोलू. आमसूल काळं असतं मग सोलकढी गुलाबी कशी होते, हे विचारून तिने माझं डोकं खाल्लं होतं. मी म्हटलं, "होते गो बाय, गप पी." तर नाही. चार वाट्यांत चार तऱ्हेने आमसुलं भिजवून बसली माझ्या ओट्याशी. माझं दूध नासलं त्या गडबडीत. पण डोळे असे लकाकत होते की ओरडावंसंही वाटेना.

पुढे ती घाटकोपरच्या कॉलेजात शिकली आणि चेंबूरच्या बाजूला एका संस्थेत पीएचडीच्या संशोधनाला लागली. विषय काय, तर बायकांच्या अंगातलं रक्त. सुंदराबाईला सारखी चक्कर यायची, पोरं सांभाळता सांभाळता भिंत धरून उभी राहायची, ते बघत ही मोठी झालेली. तिच्या यज्ञेश सरांनी सांगितलं, तुझी ओळखीची वस्ती आहे, तिथेच अभ्यास कर, बायका दार तरी उघडतील. उघडलं ना! आपली पोर डॉक्टर होणार म्हटल्यावर कोण नाही उघडणार?

तर ठरलं असं. ज्यांचं रक्त थोडं कमी आहे अशा बायका निवडायच्या. आमच्या चाळीतल्या बायकांनी रोज एक लाडू खायचा, अळीव, नाचणी, तीळ, खजूर असला. समोरच्या चाळीतल्यांनी लोहाची गोळी घ्यायची. मग दोन्हीकडचं रक्त तपासून बघायचं, कुणाचं जास्त वाढलं. संस्थेतली एक मुलगी यायची, लाडवांचे डबे बघायची, गोळ्यांची रिकामी पाकिटं बघायची. पाकीट रिकामं म्हणजे गोळी पोटात गेली. बरोबर आहे, पण कुणाच्या पोटात, हे तिने कधी विचारलं नाही आणि आम्हाला सांगायचं सुचलं नाही.

आता तुम्हीच सांगा. समोरच्या चाळीत मीरा राहते, माझी मैत्रीण. ती गोळी घेऊन ओकाऱ्या काढतेय आणि मी दारात बसून लाडू चावतेय, हे बरं दिसतं का? मी माझ्यातला अर्धा लाडू वाटीत घालून तिला पाठवला. आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, आणि मीराच्या घरात तेव्हा द्यायला काही नव्हतं. तिने वाटीत दोन गोळ्या ठेवल्या. "ताकदीच्या आहेत, तुला सोसतात का बघ." मला सोसल्या! पुढे ते रोजचंच झालं, आणि आम्हा दोघींचंच नाही, माळ्यामाळ्यावर हेच. इकडून अर्धा लाडू जायचा, तिकडून गोळी यायची. कुणाच्याही मनात पाप नव्हतं.

मग काय, आमचं रक्त झकास वाढलं. मीराकडच्या बायकांचं जेमतेम. संघमित्राचा लेख परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या मासिकात छापून आला, आणि आपल्या पेपरात बातमी आली, "लाडवाने गोळीला हरवलं". सुंदराबाईने दोन्ही चाळींत पेढे वाटले. संस्थेत शास्त्रज्ञाची कायमची जागा निघणार होती. सर म्हणाले होते, या लेखाच्या जोरावर ती तुझीच समज. सुंदराबाईने तर पाळणाघर बंद करायचा बेत केला, आता लेक सांभाळेल म्हणून.

त्या जागेच्या मुलाखतीच्या आधी संघमित्रा माझ्याकडे जेवायला आली. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी केली होती, तिला आवडते. जेवता जेवता गप्पा चालल्या होत्या. मी हसत हसत म्हटलं, "मीराच्या गोळ्या खाऊन खाऊन मी घोडी झालेय बघ." तिने घास खाली ठेवला.

"कुठल्या गोळ्या, काकू?"

मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. हात धुऊन उठली आणि दोन्ही चाळींत दारोदार फिरली. बायकांनी हसून सांगितलं, हो गं, आम्ही पण, आम्ही पण. परत माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वाट लागली, काकू. तुमचं रक्त लाडवाने वाढलं नाही. लाडू आणि गोळी दोन्ही खाऊन वाढलं. मी लिहिलंय ते सगळं चुकीचं आहे. सरांना सांगायला हवं. लेख मागे घ्यायला हवा."

मी भडकलेच. "वेडी आहेस का तू? कुणाच्या बापाला कळणार आहे? आम्ही तोंड उघडणार नाही, मीराला मी बघते. तुझी जागा जाईल, आईने इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळली ते काय यासाठी? एका लाडवापायी?"

ती म्हणाली, "काकू, बातमी छापून आलीये. कुठेतरी एखादी बाई ती वाचून गोळी बंद करेल. तिला दिवस गेलेले असले तर? तिचं काही बरंवाईट झालं तरी मला तिचं नावसुद्धा कळणार नाही."

मला ते नाव माहीत होतं. माझी श्रुतिका. मालाडला सासरी, पाचवा महिना चालू. आदल्याच दिवशी फोनवर खुशीत म्हणाली होती, "आई, त्या गोळीने मळमळायचं, बातमी वाचली तेव्हाच बंद केली बघ. लाडूच खाते. आपल्या संघाताईनेच सिद्ध केलंय ना!" आणि मी म्हटलं होतं, छान केलंस, आणखी पाठवते.

मी नुसतं म्हटलं, "संघा, श्रुतिकाने बंद केलीये."

त्यानंतर मला रिक्षा आठवते आणि रिक्षात माझा हात घट्ट धरून बसलेली ती. जोगेश्वरीच्या रस्त्यावर गाड्या तुंबलेल्या, मी रिक्षावाल्याला शिव्या घालतेय, जसं काही त्यानेच तुंबवल्या. मालाडला पोचलो. इतके दिवस व्हिडिओ कॉलवर कळलं नव्हतं. श्रुतिका समोर बघितली तर ओठ पांढरे, जिना चढून आल्यासारखी बसल्या जागी धापा टाकत होती. तिला तसंच दवाखान्यात नेलं. रक्त फारच खाली गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत, आता सलाईनमधून लोह देऊ, हिला सोसेल अशी दुसरी गोळी देऊ, भरून निघेल.

श्रुतिकाने खाटेवरून विचारलं, "पण ताई, पेपरात आलं होतं ते?"

जावईबापू उभे, तिची सासू उभी. संघमित्रा त्यांच्यासमोर म्हणाली, "ते चुकीचं आहे. माझ्याकडून चूक झाली, श्रुती. मी अभ्यास नीट आखला नाही." कुठे आम्हा बायकांवर ढकललं नाही, की त्या पाकिटं बघणाऱ्या मुलीवर. सगळं स्वतःवर घेतलं. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

सर वाईट माणूस नाहीत, पण घाबरले. म्हणाले, मुलाखत होऊ दे, पुढच्या लेखात शेवटी एक ओळ टाकू, थोडी देवाणघेवाण झाली असावी म्हणून. ही म्हणाली, थोडी नाही सर, सगळी झालीये. तिने मासिकाला कळवलं. सर चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत, मग त्यांनीही त्या पत्रावर सही केली. लेख मागे घेतला गेला. जागा दुसऱ्याला मिळाली. सुंदराबाई माझ्याशी बोलेनाशी झाली. मी तोंड उघडलं नसतं तर, असं तिला वाटत असणार. मी तिच्या दारात जाऊन बसायचे, ती पोरांना भरवत राहायची. एके दिवशी तिनेच एक पोर माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "धर, नुसती बसू नको." तिथून आम्ही परत बोलू लागलो.

पेपरवाल्यांना संघमित्राने फोन केले. लाडू जिंकला तेव्हा फोटोसकट बातमी होती, आता त्यांना जागा नव्हती. मग ती स्वतः हिंडली. मुलुंड, घाटकोपर, भांडुप, जिथे बायकांचे बचत गट असतील तिथे. उभी राहायची आणि सांगायची, "लाडवाची बातमी माझ्या अभ्यासावरून आली होती. तो अभ्यास चुकला. लाडू खा, पण गोळी सोडू नका." मी जायचे सोबत. मुलुंडला एक बाई फटकन म्हणाली, "मग आता तुझ्यावर विश्वास कशाला ठेवायचा?" मी उठतच होते, तर संघमित्राने मला खाली बसवलं. "बरोबर विचारलंत ताई. माझ्यावर नका ठेवू. डॉक्टरांना विचारा." त्या बाईने तिथल्या तिथे पर्समधून गोळ्या काढून दाखवल्या. तिनेही बंद केल्या होत्या.

आता ती तोच अभ्यास पहिल्यापासून करतेय. यावेळी आमच्या दोन्ही चाळी एकाच गटात धरल्यात आणि दुसरा गट लांबच्या वस्तीत घेतलाय. म्हणाली, "काकू, तुम्ही वाटायच्या थांबणार नाही, मग मीच सुधारते." डॉक्टर व्हायला उशीर होणार. होऊ दे.

श्रुतिकाची वेळ आली तेव्हा रक्त बरंच गेलं. आम्ही बाहेर उभे होतो. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "दोघी सुखरूप आहेत. मधल्या काळात अंगात रक्त भरलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर कठीण होतं." संघमित्रा माझ्या बाजूलाच होती, तिने ऐकलं.

मग नर्स दुपट्यात गुंडाळलेली पोर घेऊन आली. "आजी कोण?" सगळ्यांनी मला पुढे केलं.

मी म्हटलं, "आधी हिच्याकडे द्या."

"काकू, मी कशी? आजी तुम्ही आहात," संघमित्रा मागे सरकत म्हणाली.

"गप. हात पुढे कर."

लेख गेला तेव्हा ही रडली नव्हती, जागा गेली तेव्हाही नाही. माझी नात हातात आली आणि तिला हुंदका आवरेना. श्रुतिकाच्या सासूने विचारलं, "आजीच्या आधी ही कोण?" मी म्हटलं, "हिच्यामुळेच मी आज आजी आहे." आणि माझी पाळी येईपर्यंत बाजूला उभी राहिले.