वालाचे मोड आणि माझी निरीक्षणवही

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. बरं, हसा. शाळेतले सगळे हसून झालेच आहेत!

आमच्या रोह्यात वालाचं बिरडं म्हणजे जीव की प्राण. आणि वालाला मोड आणायचे तर आमच्या आळीत पत्ता एकच: शेजारची नलूकाकू. "तिच्या हाताला गुण आहे" म्हणून अख्खी आळी भिजवलेले वाल तिच्याकडे पोचवते. ती फडक्यात पोटली बांधते आणि दोन दिवसांनी बोटभर मोड परत देते. धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारेसुद्धा वाटेत डबा ठेवून जातात. एवढंच काय, आम्हाला वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवणाऱ्या बाईंचा डबाही मी तिथे पाहिलाय!

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला शाळेतून एकच प्रयोग जाणार होता. तो माझाच असावा, असं मला फार वाटत होतं. म्हटलं, ही अंधश्रद्धाच मोडून दाखवू.

वाल एकाच गोणीतले, पाणी एकाच कळशीतलं, फडकी एकाच धोतराची. एक पोटली काकू बांधणार, एक मी. फरक फक्त हाताचा! आहे की नाही शास्त्र?

"माझी परीक्षा घेतेस व्हय गो?" काकूने विचारलं.

"तुझी नाही काकू, हाताची."

"मग हात ठेवून जाऊ काय हितं?"

काकूची पोटली तिच्या घरी, माझी आमच्या स्वयंपाकघरात. आता शास्त्रज्ञ काय करतो? निरीक्षण! शनिवार-रविवार मी दर तासाला पोटली उघडली, वाल पसरले, पट्टी लावली आणि वहीत लिहिलं: 'सकाळी आठ: मोड नाही. नऊ: मोड नाही.'

आई वैतागली. "अगो, त्यांना जरा पडून तरी राहू दे!"

"आई, तुला विज्ञानातलं कळत नाही."

काकूच्या पोटलीचं निरीक्षण? ते राहिलं. दर तासाला दुसऱ्याची कडी वाजवायची म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं!

सोमवारी काकूचे मोड बोटभर. माझे वाल सुरकुतून पडलेले.

झाली का पंचाईत? मोडायला गेले ती अंधश्रद्धा मीच सिद्ध केली! पण पुरावा नाकारायचा नसतो ना? तक्त्यावर लिहिलं: 'निष्कर्ष: नलूकाकूंच्या हाताला गुण आहे.' खाली लाल शाईच्या दोन रेघा.

निवडीच्या दिवशी काकूही आली, ठेवणीतली साडी नेसून. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाई माझी वही चाळता चाळता थांबल्या.

"पोटली किती वेळा उघडलीस?"

"सव्वीस वेळा, बाई."

"आणि काकूंची?"

"एकदाही नाही."

काकूने कपाळावर हात मारला. "अगो बाय माझे! सव्वीस वेळा वारा घातलास? त्याला ऊब पायजे, काळोख पायजे. मी तांदळाच्या डब्यात दडपून ठेवते न् दोन दिस बघत पण नाय."

"मग हाताचा गुण?"

"कसला गुण न् काय! आधी माझे पण वाल सुकायचे. मग एक पोटली उघडून बघायची, एक नाय, असं चार-पाच वेळा केलं. तवा कळलं."

"म्हणजे खरा प्रयोग तुम्ही केलात!" बाई म्हणाल्या.

"परयोग-बिरयोग ठाऊक नाय. वाल वाया जात व्हते."

"मग लोकांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की! कोण ऐकतंय? घरी गेले की उघडून बघतात. हाताला गुण हाय म्हटलं, की गुमान डबा ठेवून जातात."

डबा ठेवून जाणाऱ्या बाई एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

तालुक्याला प्रयोग गेला. पण काकूचा! अक्षर चांगलं म्हणून तक्ता तेवढा मी केला. त्यात एक रकाना होता: 'मोड न येण्याचे कारण'.

"खरं असेल तेच लिही," बाई म्हणाल्या.

मी माझं नाव लिहिलं. पूर्ण. इयत्ता आणि तुकडीसकट.