ताटाला लावलेला लाल ठिपका

"आपके खून में हेपेटाइटिस बी निकला है," रक्तपेढीतल्या बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली. ऑफिसच्या शिबिरात रक्त दिलं होतं. मला वाटलं, प्रमाणपत्र द्यायला बोलावलंय.

संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या ताटाला, गिलासाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. तीन वर्षांच्या मनूला घास भरवायला गेले तर ओरडल्या, "काहून हात लावून राहिली तिले? पॉझिटिव्ह हाय ना तू!"

"थोडे दिवस ऐक ना आईचं," नवरा म्हणाला. थोडे म्हणजे एकवीस दिवस. माझी पोर माझ्यासमोर आजीच्या हातून जेवली.

आम्ही मराठी माणसं, राहतो हिंदी मुलखात; इथल्या गोरखपुरातल्या डॉक्टरांकडे मी एकटी गेले. माझे वडील बिड्या वळायचे. घरात कॉलेज पाहिलेली पहिली मीच. न समजता मान डोलवत नाही. म्हटलं, रिपोर्टातला एकेक शब्द समजवा.

एचबीएसएजी म्हणजे विषाणूचं वरचं कवच. ते सापडलं म्हणजे विषाणू अंगात आहे. किती, ते कळत नाही. एचबीईएजी हे विषाणू जोरात वाढताना रक्तात येणारं प्रथिन. ते पॉझिटिव्ह, तर लागणीचा धोका फार मोठा. माझं निगेटिव्ह आलं. सुटले म्हणून उठले, तर त्यांनी पुन्हा बसवलं. ते निगेटिव्ह असूनही कधी विषाणू भरपूर असतो. म्हणून एचबीव्ही डीएनए, म्हणजे विषाणूची थेट मोजणी. त्या रिपोर्टाला आठ दिवस लागले.

"कम है, ज़ीरो नहीं," डॉक्टर म्हणाले. "थाली से नहीं फैलता. खून से फैलता है, पति-पत्नी के संबंध से भी. ब्लेड, ब्रश, नेलकटर अलग रखिए. घर में सबकी जाँच कराइए, जिसे ज़रूरत हो उसे टीका लगवाइए." टीका म्हणजे लस.

नेलकटर! आमच्या घरी एकच, स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला. ताट वेगळं, आणि दर रविवारी त्याच नेलकटरनं आधी माझी नखं, मग मनूची. सासूबाईंचा राग आला, स्वतःचाही आला. रक्तपेढीतल्या बाईंचा सगळ्यात जास्त आला. एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता?

सगळ्यांना तपासायला नेलं. सासूबाई रस्ताभर पुटपुटत होत्या, "बी.ए. केलं म्हणून आमाले शिकवून राहिली."

"हो. चला."

मनूचे रिपोर्ट येईपर्यंत मी नीट जेवले नाही. निगेटिव्ह. लहानपणीच्या लसींनी तिला वाचवलं होतं. नवरा, सासूबाईही निगेटिव्ह. दोघांना लस सुरू झाली. मला दर सहा महिन्यांनी तपासणी आहे, ती चालू राहील.

समजावून सांगणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या हातात असा पॉझिटिव्ह कागद आला तर खुर्ची सोडू नका. पुढच्या दोन तपासण्या, एचबीईएजी आणि डीएनए, विचारा, मगच उठा.

सगळ्यांचे रिपोर्ट आले त्या दिवशी घरी येऊन ताटावरचा ठिपका खरवडून काढला. माझ्यासाठी नवा नेलकटर आणला, ठिपका त्याला लावला आणि सासूबाईंच्या समोर मनूला मांडीवर घेऊन वरणभात भरवला. राग अजून आहे.