तान्ह्या पोळ्याची रोपं

यामिनी भित्री होती, आणि ते ती स्वतःच सांगायची. पाल दिसली तरी दुसऱ्या खोलीत जाऊन नवऱ्याला हाक मारायची. घर पिपरी मेघेत, नोकरी वर्ध्याच्या एका खासगी शाळेत, शिक्षणसेवक म्हणून. कायम होईपर्यंत आपण बरं नि आपलं काम बरं, हे तिनं मनाशी पक्कं केलेलं. अशा बाईनं कुणाची तक्रार करावी, हे नवलच.

पण नक्कल दिसली की तिला राहवत नसे. मुलं गाइडातलं उत्तर शब्द फिरवून लिहितात, ते तपासून तपासून तिची नजर तयार झाली होती. शब्द सगळे बदलतात, उदाहरणांचा क्रम कुणी बदलत नाही. चोरानं काय बदललं ते बघू नये, काय ठेवलं ते बघावं, असं ती म्हणायची.

गच्चीवरच्या टोमॅटोंसाठी ती परसबागेच्या एका ऑनलाइन चर्चामंचावर जायची. तिथं आंजीचे खुशालभाऊ, भाजीपाला पिकवणारे शेतकरी, लोकांना उत्तरं लिहायचे. एकदा त्यांनी लिहिलं, फुलकोबीची रोपं आम्ही तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी लावतो. पोरं लाकडी बैल मिरवून, घरोघरचा बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन परतलेली असतात, शाळेला सुट्टी असते आणि वाकून त्यांची कंबर दुखत नाही. वर्षभरानं ‘भूमिसेवक’ नावाच्या कुणी लिहिलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी बालकांच्या हस्ते रोपं लावल्यास पीक भरघोस येतं. पुढचं सगळंही त्याच क्रमानं, फक्त शब्द भारी. पोरांच्या सुट्टीचा या गृहस्थानं मुहूर्त करून टाकला होता. नकलेलाही अक्कल लागते म्हणतात ते उगीच नाही. यामिनीनं दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली आणि मंचाच्या संचालकांकडे तक्रार पाठवून दिली.

त्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापक प्रभाकरराव सगळ्यांदेखत म्हणाले, की मंचावरचे ‘भूमिसेवक’ म्हणजे तेच, आणि कुण्या नतद्रष्टानं त्यांच्यावर चोरीचा आळ घेतलाय. यामिनीच्या हातातला चहा साडीवर सांडला. तिला कायम करण्याचा प्रस्ताव त्यांच्याच सहीनं पुढे जायचा होता.

तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, असं मंचावर लिहिलेलं होतं. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. शेजारच्या वर्गावरच्या मेघा मॅडमनं ‘बरं नाही का?’ विचारलं तरी यामिनीला वाटे, हिला कळलं. तक्रार मागे घ्यायला ती मंचावर जायची आणि खुशालभाऊंचं उत्तर वाचून तशीच परत यायची.

मग एके दिवशी शिपाई रूपराव वर्गाच्या दाराशी आले. “मोठे सर बोलावून राह्यले, मॅडम.” तिला केबिनमध्ये सोडून ते बाहेर स्टुलावर बसले.

प्रभाकरराव चिडलेले नव्हते, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. मंचानं खुलासा मागितला होता. तुम्ही नेटकं लिहिता, तर खुलासा तुम्हीच लिहा, म्हणाले. मूळ माहिती सरांचीच, एका मेळाव्यात सांगितलेली. ती ऐकून खुशालनं आपल्या नावावर खपवली, असं लिहायचं.

“त्याले कोण विचारते, मॅडम? मंचावरून काढतीन, अजून काय? तुमचा प्रस्ताव बी याच महिन्यात पाठवाचा हाय मले.”

यामिनीची पाचावर धारण बसली. चार ओळी लिहिल्या की सुटका होती, आणि तिला ती अगदी मनापासून हवी होती. खुशालभाऊंना तिनं कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांपुढे आली ती वाफ्यात वाकलेली त्यांची पोरं. आपल्या बापाला चोर म्हटलेलं ती मोबाइलवर वाचतील, एवढंच तिच्या मनात आलं.

“सर, तक्रार मीच केली.”

प्रभाकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मी काई ऐकलं नाई,” ते हळूच म्हणाले. “तुमी काई बोलल्याच नाई. वर्गावर जा, आन् शाळा सुटेपर्यंत खुलासा लिहून आणजा.”

त्यांनी तिला वाट काढून दिली होती. यामिनी उठली, दारापर्यंत गेली. तिनं दाराची कडी धरली.

“मीच केली, सर,” ती म्हणाली, आणि या वेळी आवाज एवढा मोठा निघाला की बाहेर रूपराव स्टुलावरून उठून उभे राहिले.