बांधावरच्या कडुनिंबाचा कोळसा

दक्षिण ध्रुवावर आज नुसता बर्फ आहे, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं दाट जंगल होतं आणि त्या जंगलाला वणवे लागायचे. पुरावा म्हणजे दगडात अडकलेला कोळसा. त्याचे तिळाएवढे कण मायक्रोस्कोपखाली बघणं हा माझा धंदा. मांडवगण फराट्याला, म्हणजे माझ्या गावात, मला 'कोळशाची डॉक्टरीण' म्हणतात. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू!

परवा उन्हाळ्यात सुट्टीला गेले, तर आदल्याच दिवशी आमच्या बांधावर आग लागून गेलेली. बांधाच्या अलीकडं आमचं रान, पलीकडं तात्यांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं. ऊस तुटला की दोघंही पाचट पेटवतात. या आगीत बांधावरच्या कडुनिंबाखाली गुंडाळून ठेवलेले वडिलांचे ठिबकचे पाइप जळाले.

"तुझ्याकडूनच आली आग. कबूल कर, न्हाईतर पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई," वडील तात्यांवर ओरडत होते.

"मी कवाच पेटवून इझवलं, दादा."

"थांब, आता हीच सांगंल," वडील माझ्याकडं वळले.

मग काय, मी हरभऱ्याच्या झाडावर! कडुनिंबाभोवती फेरी मारली. खोड तात्यांच्या बाजूला पार वरपर्यंत काळं, आमच्या बाजूला नुसतं बुडाशी. "आग तिकडून आली," मी निकाल दिला. वर ध्रुवावरच्या वणव्यांचं व्याख्यान झोडलं. तात्या खोडाकडं बघत बघत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःचे नवे पाइप आमच्या दारात आणून टाकले. आईनं कारण विचारलं, मी ऐटीत सांगितलं, आणि ती खवळलीच.

"अगं येडे, वाऱ्यावरची आग झाडाला वळसा घालती आन् पाठीमागनं वर चढती! जिकडं जास्त काळं, तिकडं आग गेली. पाचट पेटवणाऱ्या कुठल्याबी बाईला इचारायचं की!"

मग वडिलांना आठवलं, आग लागली त्या दुपारी पाचट पेटवून, 'विझलं' म्हणत ते जेवायला आले होते. ते खाली मान घालून बसले. आणि मी? उभं जळकं झाड जन्मात नीट न पाहिलेली तज्ज्ञ! मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाइपांचं भेंडोळं उचललं आणि तात्यांचं घर गाठलं.

"तात्या, चुकलं माझं. आग आमचीच होती."

"व्हय?" तात्या मटकन ओट्यावर बसले. "पेटवलेलं इझवलं, वरनं पानी मारलं, मला सगळं आठवत हुतं, पोरी. पन तू येवढी शिकलेली. म्हनलं, माझंच डोकं काम करंना झालं आसंल."